केरबा मिस्त्रीचा अठरा इंची पंखा

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे थंडी लवकर यायची आणि उशिरा जायची. त्या गावात केरबा नावाचा सुतार राहत होता. लोक त्याला केरबा मिस्त्री म्हणत. त्याच्या हातची दारं-खिडक्या अशा बसत की पौषातल्या वाऱ्यालाही आत शिरायला जागा सापडायची नाही. दार बसवून झालं की तो खिशातून पोस्टकार्ड काढायचा. फळी आणि चौकट यांच्यामधून ते सरकवून दाखवा, असं गिऱ्हाइकालाच सांगायचा. ते कधी सरकायचं नाही.

केरबा माणूस वाईट नव्हता. काम चोख, दाम रास्त आणि शब्द पक्का. खोड एकच होती. त्याच्या कामात कुणी काही उणं काढलं, की ते त्याच्या कानात शिरायचंच नाही.

त्या वर्षी त्याची लेक पद्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना सरत आला होता. तिला फोडणीचा वास सोसायचा नाही. तेलात मोहरी तडतडली की ती पदर तोंडाला लावून अंगणात धावायची. स्वयंपाकघर घट्ट बंद, त्यामुळे धूर कोंडून राहायचा. लेकीला थंडीत कुडकुडत अंगणात उभी राहिलेली पाहून केरबाला बघवायचं नाही.

एके दिवशी तो बायकोला म्हणाला, “हौसा, उद्या तालुक्याला जातो आणि धूर ओढायचा पंखा आणतो. साधा न्हाई. गावानं बघावा असा.”

तालुक्याच्या गावी बाबालाल मुजावरांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. म्हातारा माणूस, बोलणं कमी. केरबा दुकानात शिरला आणि भिंतीवर टांगलेल्या सर्वांत मोठ्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्यो द्या.”

बाबालालभाईंनी विचारलं, “खोली केवढी हाय?”

“दहा बाय आठ.”

“मग नऊ इंची पुरंल. फार तर बारा इंची. ह्यो अठरा इंची हाय. हॉटेलवाले नेतात.”

“हॉटेलवाल्याला चालतो, तर मला का न्हाई?”

बाबालालभाईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. “केरबा, पंखा काय हवा तयार करत न्हाई. जेवढी बाहेर टाकतो, तेवढी कुठनं तरी आत ओढतो. ती आत यायला वाट कुठाय? परसदाराला खालनं दोन बोटं फट ठेव. न्हाईतर जाळी बसव. तू वाट ठेवली न्हाईस, तर ती तो पंखाच हुडकंल.”

केरबा हसला. “माझ्या घरात त्यानं हुडकूनच दाखवावी! माझ्या हातच्या दाराला फट ठेवायची? मग मी मिस्त्री कशाचा?”

बाबालालभाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांनी पंखा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून दिला.

दुसऱ्या दिवशी केरबाने स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून पंखा बसवला. शेजारीच न्हाणीघर होतं. दोन्हींच्या मधल्या भिंतीत वरच्या अंगाला त्याने एक झरोका पाडला. न्हाणीघरातली वाफही त्याच पंख्याने ओढून न्यावी, अशी त्याची युक्ती होती. न्हाणीघरात पाणी तापवायचा गॅसचा गीझर होता. त्याचा धूर बाहेर नेणारा पत्र्याचा पाइप भिंतीतून पलीकडे काढलेला होता. म्हणजे त्या बाजूनेही काळजीचं कारण नव्हतं.

पंखा सुरू झाला आणि हौसा बघतच राहिली. मिरचीची फोडणी पडली, धूर उठला, आणि डोळ्यांदेखत सरळ भिंतीबाहेर गेला. पद्माला ठसकासुद्धा लागला नाही. पंखा चालू असताना परसदार उघडायला मात्र दोन्ही हात लावावे लागत. बाहेरून कुणी धरून ठेवल्यासारखं ते चिकटून बसायचं. केरबाला त्याचा आनंदच झाला. “बघा, कसं घट्ट बसतंय,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

गावात बातमी पसरली. पंधरा दिवसांत पाच घरांनी तसाच अठरा इंची पंखा आणला. पाचही घरांना दारं केरबाच्या हातची होती. पाचही घरी त्यानेच पंखा बसवून दिला आणि मधल्या भिंतीत तसाच झरोका पाडून दिला.

इकडे पंखा बसवल्यावर आठ-दहा दिवसांतच पद्माचं डोकं दुखू लागलं होतं. आंघोळ करून आली की ती कपाळ धरून बसायची. मळमळायचं, पाय जड व्हायचे. केरबा म्हणाला, “पोटुशी बाईचं असंच असतंय.”

मग हौसाचंही डोकं दुखू लागलं.

“तुझं का दुखतंय?” केरबाने विचारलं.

“ते मला काय ठावं? मी काय पोटुशी हाय व्हय?” हौसा म्हणाली. “अवं, स्वयंपाकघरात बसलं की कोंडल्यागत हुतंय. त्या मुजावरभाईंनी काय तरी सांगितलं हुतं म्हणं तुमाला.”

“त्यास्नी पंख्यातलं कळतंय, दारातलं न्हाई,” केरबा म्हणाला आणि रंधा घेऊन अंगणातल्या छपरीकडे गेला.

ती सकाळ फार थंड होती. केरबा छपरीत फळी रंधत होता. हौसा भाकऱ्या थापत होती. पंखा घरघरत होता. पद्मा न्हाणीघरात गेली होती. बराच वेळ झाला. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता, पण तो न थांबता एकसारखा येत होता. अंगावर पाणी घेणाऱ्या माणसाचा आवाज तसा नसतो.

हौसाने हाक मारली, “पद्मे!” उत्तर आलं नाही. ती उठायला गेली, तर तिचाच तोल गेला. भिंत धरून ती न्हाणीघराच्या दारापर्यंत पोहोचली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

“अवं! अवं, पळा!”

केरबा धावत आला. परसदार उघडेना. त्याने पाय लावून ते ओढलं आणि आत शिरला. न्हाणीघराला आतून कडी होती. त्याने खांदा दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. पुन्हा नाही. सागाची दीड इंची फळी होती ती, त्याने स्वतः निवडून घेतलेली. त्याने पहार आणली आणि फटीत घालायला गेला, तर पहारीचं टोक शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती. त्याने वरून घाव घातले. फळीला नुसते खड्डे पडले. आत नळाचं पाणी वाहतच होतं.

“पद्मे! अगं पद्मे!” त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

जमिनीवर बसलेली हौसा ओरडली, “बिजागऱ्या! अवं मिस्त्री, बिजागऱ्या काढा!”

तीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, आणि त्याला हे सुचलं नव्हतं. त्याने छिन्नीने बिजागऱ्यांच्या तीन खिळ्या उडवल्या, दार उचकटून बाजूला फेकलं, आणि त्याचे हात तिथेच थांबले.

पद्मा ओल्या फरशीवर पडली होती. ओठ उघडे, डोळे मिटलेले. चेहरा पांढराफटक नव्हता. गाल लाल-गुलाबी दिसत होते, उन्हातून खेळून आल्यासारखे. ते पाहून केरबा जास्तच घाबरला. धूर नव्हता. गॅसचा वास नव्हता. गीझरची निळी ज्योत मुकाट जळत होती. खोलीत काहीच झालेलं नव्हतं, आणि लेक पडली होती.

त्याने नळ फिरवून गीझर बंद केला, तिला चादरीत गुंडाळलं आणि अंगणात आणून खाटेवर ठेवलं. हौसा कशीबशी सरपटत बाहेर आली आणि पायरीवरच ओकली. शेजारी धावले. कुणी कांदा फोडून आणला, कुणी मीठ-मोहरी आणली, कुणी जीप काढली. मोकळ्या हवेत पद्माची छाती हलली. एकदा. मग बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा.

तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. हौसालाही लावला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी केरबाला बाहेर बोलावलं.

“घरात गॅसचा गीझर आहे?”

“हाय. पण त्याचा धूर बाहेर जातो. पाइप हाय त्याला.”

“मग तो यांच्या अंगात कुठून गेला?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गॅस जळला की त्यातून एक विषारी वायू निघू शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. अजून पाच मिनिटं उशीर झाला असता, तर तुमची मुलगी हाती लागली नसती. ती वाचेल.”

“आणि बाळ?”

“बाळाचे ठोके लागतायत. पण त्याला किती बाधा झालीय, हे मी आज सांगू शकत नाही. ते जन्माला येईपर्यंत वाट बघावी लागेल.”

केरबा दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. पाइप तर बाहेर जातो. मग धूर आत आला कसा? त्याचं डोकं चालेना.

दुपारी जावई आला आणि पद्माजवळ बसला. थोड्या वेळाने बाबालालभाई आले. जीपवाल्याकडून त्यांना कळलं होतं. त्यांनी ओरडून काही म्हटलं असतं तर केरबाला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “वाट ठेवली हुतीस?”

केरबाने मान हलवली. नाही.

“चल. मला घर बघू दे.”

दोघे केरबाच्या घरी आले. बाबालालभाईंनी सगळी दारं-खिडक्या लावायला सांगितली. पंखा सुरू केला. गीझर बंदच ठेवला. मग देवापुढची एक उदबत्ती पेटवून ती गीझरच्या वर, पाइपच्या तोंडाशी धरली.

“धूर कुठं जायला पायजे?”

“वर. पाइपात.”

“आता बघ.”

उदबत्तीचा धूर वर चढला नाही. पाइपच्या तोंडाशी गेला आणि कुणी फुंकर मारावी तसा खाली दबला. मग न्हाणीघरात पसरला, वळून झरोक्याकडे निघाला आणि तिथून पंख्याकडे गेला. केरबाने पाइपच्या तोंडाशी तळहात धरला. हाताला गार वारा लागला. बाहेरचा वारा त्या पाइपातून आत येत होता. गीझर पेटलेला असता, तर सगळा विषारी धूर सोबत घेऊन आला असता. पंधरा दिवस रोज सकाळी तो तसाच आला होता.

बाबालालभाईंनी दोन्ही हातांनी परसदार ढकलून उघडलं. त्याच क्षणी उदबत्तीचा धूर सरळ झाला आणि पाइपात वर चढू लागला.

केरबा भिंतीला टेकून खाली बसला.

“चूक माझी बी हाय,” बाबालालभाई म्हणाले. “तू ऐकत नव्हतास, हे मला दिसत हुतं. तरी मी पंखा विकला. तुला एक विकला, आणि तुझ्या नावावर आणखी पाच विकले.”

पाच! केरबा ताडकन उठला. पाच घरं. तीच दारं, तोच पंखा, तसाच झरोका, तसाच गॅसचा गीझर. ऊन कलायला लागलं होतं. थंडीच्या दिवसांत घरोघरी संध्याकाळी गरम पाणी निघतं. त्याने करवत उचलली आणि तो चपला न घालताच धावत सुटला. मागोमाग बाबालालभाई.

पहिलं घर मालनचं होतं. ती आणि तिची म्हातारी सासू अशा दोघीच तिथे राहत. मालन दारातच भेटली.

“मिस्त्री, पद्मी कशी हाय?”

“शुद्धीवर आली.”

“झालं काय म्हणायचं पोरीला?”

केरबाने तोंड उघडलं. रस्त्यावरून चार माणसं येत होती, तीही थांबली. तीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल गावात वावगा शब्द निघाला नव्हता. त्याच्या जिभेवर एक सोपं उत्तर आलं, आणि ते त्याने देऊन टाकलं.

“गीझर. गीझरनं घात केला. तुमचा बी तपासून घ्या. आजच्या दिवस वापरू नका.”

मालन निश्चिंत झाली. “आमचा कोरा हाय मिस्त्री, दिवाळीला घेतलेला. तुमचा जुना हुता. आणि आमच्याकडं दार तुमच्या हातचं, पंखा तुमच्या हातचा. आम्हास्नी कसली भीती?” मग तिने आत वळून हाक दिली, “आत्याबाई, चला, पाणी काढते.”

म्हातारी भिंत धरून न्हाणीघराकडे निघाली. आत गीझरची टिचकी वाजली आणि ज्योत पेटली. केरबाने मागे पाहिलं. बाबालालभाई त्याच्याकडेच बघत होते. ते त्याच्या वतीने बोलणार नव्हते.

केरबाच्या कानांत सकाळचं पाणी वाहू लागलं.

“मालन, थांब!” तो एवढ्याने ओरडला की म्हातारी जागीच दचकली. “खोटं बोललो मी. गीझर न्हाई. दार! माझं दार! माझ्या हातचं दार हाय म्हणूनच भीती हाय. बंद कर ते!”

मालनने घाबरून गीझर बंद केला. रस्त्यावरची माणसं अंगणात आली. केरबा सगळ्यांदेखत सांगत सुटला. पंखा आतली हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच बाहेरून ओढतो. त्याने कुठेच वाट ठेवली नव्हती. म्हणून पंखा गीझरच्या पाइपातून हवा ओढत होता आणि विषारी धूर उलटा घरात येत होता. “बाबालालभाईंनी मला पहिल्या दिवशीच बजावलं हुतं. वाट ठेव म्हणाले हुते. मी हसलो. माझ्या पोरीला मी मारत हुतो, आणि तुमास्नी बी मारत हुतो.”

मालन हळूहळू खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता.

“आत्याबाईंना आठ दिस मळमळतंय,” ती म्हणाली. “डोकं धरून बसतात. मी म्हणलं, म्हातारपण हाय.”

एका म्हाताऱ्याने केरबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “एवढी दारं बसवलीस बाबा, आणि आज सांगतोस?”

केरबा सरळ परसात गेला. त्याने मालनचं परसदार बिजागऱ्यांतून काढलं, आडवं टाकलं आणि खालच्या फळीवर करवत लावली. आखणी करायला वेळ नव्हता. कापलेली रेघ वाकडी आली. इतकं वाकडं काम त्याच्या हातून उमेदवारीच्या दिवसांतही झालं नव्हतं. दार पुन्हा उभं राहिलं, तेव्हा खाली एका बाजूला दोन बोटं आणि दुसऱ्या बाजूला तीन बोटं फट होती.

“वाकडं झालं, मिस्त्री,” म्हातारी म्हणाली.

“राहू दे, आत्याबाई.”

बाबालालभाईंनी पंखा सुरू केला, उदबत्ती धरली. धूर सरळ पाइपात गेला.

दिवे लागायच्या आत तीन घरं झाली. उरलेल्या दोन घरांचे पंखे त्या दिवसापुरते बंद केले आणि सकाळी तिथली दारं कापली. प्रत्येक अंगणात केरबाने तीच हकिकत पहिल्यापासून सांगितली, आणि प्रत्येक वेळी बाबालालभाईंचं नाव घेतलं. पुढच्या आठवड्यात बाबालालभाईंनी सहाही अठरा इंची पंखे परत घेतले आणि नऊ इंची दिले. सहाही घरांचे गीझर न्हाणीघरातून काढून बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवले.

गावाने केरबाला डोक्यावर घेतलं नाही. काहींनी वर्षभर त्याला काम दिलं नाही. एका घराने तर त्याचं दार काढून दुसऱ्याकडून करून घेतलं. केरबाने कुणाला दोष दिला नाही. नवं काम आलं, की तो आधी घरातल्या बायकांना विचारायचा, पाणी कशावर तापतं, धूर कुठून जातो, कुठे बसलं की कोंडल्यासारखं होतं. मगच फळीला हात लावायचा.

त्या सकाळनंतरचे दोन महिने बाळाच्या काळजीने तो धड झोपला नाही. फाल्गुनात पद्माला कळा सुरू झाल्या. केरबा दवाखान्यात त्याच बाकावर बसला होता. आतून रडणं ऐकू आलं, तरी तो उठला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती.

“ठीक हाय न्हवं ती?” त्याने विचारलं.

“ठीक आहे.”

“सगळं तपासलं तुमी?”

“सगळं तपासलं, आबा. अगदी ठणठणीत आहे.”

“पुन्यांदा एकदा बघता का?” केरबा म्हणाला. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला हुंदका फुटला.

तात्पर्य: घरातली वाईट हवा काढायची असेल, तर आधी चांगल्या हवेला यायला वाट ठेवावी, आणि आपल्या कसबाचा अभिमान कितीही असला, तरी जाणत्याचा सल्ला कानाआड करू नये, चूक झालीच तर ती सर्वांसमोर कबूल करावी, कारण झाकलेल्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकवावी लागते.